मुदत न बोललेला नियम

४ ऑगस्ट

आज परत बावड्याला जाऊन आले. सुमनचं घर जागेवर, मगदुमांचं घर जागेवर आणि मधे मोकळा प्लॉट. कमरेएवढं काँग्रेस गवत. आमचं घर नाही.

सुमन दारात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "वैनी, घर हाय की हितंच. दार सताड उघडं हाय. अण्णा पायरीवर बसल्यात, तुमच्याकडंच बघायल्यात." अण्णा म्हणजे आमचे हे. मी बघितलं. गवत आणि एक फाटकी पिशवी. सुमन काही खोटं बोलणारी बाई नव्हे. धीर करून गवतात चार पावलं टाकली, तर थेट मगदुमांच्या दारात निघाले. त्यांच्या कुत्र्यानं भुंकायचं सोडून नुसतं बघितलं.

आमच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी सुमनच्या भिंतीवरून तिच्याकडं लोंबते. ती तेवढी दिसते. कुठून सुरू होते ते दिसत नाही.

शाहूपुरीत अक्काकडं, थोरल्या बहिणीकडं, परत. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून दोन घास खाल्ले.

६ ऑगस्ट

अक्का म्हणते, एकदा नीट लिहून काढ, डोकं हलकं होईल. लिहिते.

नेत्रा आमची एकुलती एक. पुण्यात दिलेली, नोकरी तिथंच. आता सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे काय कुणी सांगायला लागतं? मी डिंक आणून ठेवला, अहळीव आणले, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली. आणि मग कळलं की बाळंतपण पुण्यातच ठरलंय. मला सोडून सगळ्यांना ठाऊक. यांना तर महिनाभर आधी. का सांगितलं नाही विचारलं तर हे म्हणाले, "नेत्राच म्हणाली, आईला इतक्यात सांगू नका. नियम घेऊन बसेल."

ते ऐकलं आणि डोकं फिरलं माझं. सकाळी अंघोळ करून सरळ बसदीत, आमच्या जैन मंदिरात, गेले, देवासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "या घराचा आणि घरातल्या माणसांचा मला त्याग." तांदूळ वाहिले, हात जोडले. म्हणजे नेत्रा म्हणाली तेच केलं.

परत आले तर गल्लीत घर नव्हतं.

घरच्यांना मी दिसते म्हणे. बोलणंही ऐकू जातं. मला ते दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. त्यांनी फोन केला तर माझा फोन वाजत नाही. अक्का शेजारी बसून सांगते, "वाजायलाय की गं," आणि मी काळ्या काचेकडं बघत बसते.

७ ऑगस्ट

काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली. मुदत.

नियम घेताना, म्हणजे कशाचा त्याग करताना, आधी मुदत बोलायची. अव्वानं, आमच्या आईनं, लहानपणीच शिकवलेलं. पेरू सोडायचाय? किती दिवस ते बोल, मग हात जोड. न बोलता जोडलेस तर तो जन्माचा झाला. मी कधी चुकले नव्हते. चातुर्मासात पालेभाजी बंद, मुदत दिवाळीपर्यंत. बाहेरचं खाणं बंद, मुदत वर्षाची. त्या दिवशी तेवढं राहिलं. बोलायचं मनात तरी होतं का? होतं काहीतरी. नेत्रा रडत येईपर्यंत, हे हात जोडेपर्यंत… ती काय मुदत होते का.

अव्वा आणखी एक म्हणायची. नियम पक्का असला की सोडलेली वस्तू डोळ्यासमोर असली तरी दिसत नाही. पेरू सोडला होता त्या वर्षी खरंच मंडईत पेरू दिसायचे नाहीत मला. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

९ ऑगस्ट

अक्कानं डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. पाटीवरची सगळी अक्षरं वाचली, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "मग दिसत काय नाही?"

अक्का म्हणाली, "नवरा."

डॉक्टर हसायला लागले. अक्काही हसली. मलाही हसू आलं आणि मग जिन्यातच बसून रडले. डोळ्यांत घालायचं औषध दिलंय. घालते.

१२ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. अक्का खाली तिच्या धान्याच्या दुकानात, मी वर एकटी.

आठवत बसले, आजवर कशाकशाचा त्याग केला. बहुतेक सगळे धर्माचे नव्हतेच, रागाचे होते. नणंदेच्या लग्नात माझ्या पसंतीची साडी घेतली नाही, साखर सोडली. नेत्रानं मला न विचारता केस कापले, दूध सोडलं. आपण ताटावर बसायचं, एकेक पदार्थ बाजूला सारायचा आणि सगळ्यांचे चेहरे बघायचे. नेत्रा लहान होती तेव्हा गळ्यात पडायची, "आई, खा ना गं." मोठी झाल्यावर नुसती ताट घेऊन आत जायला लागली.

यांनी कधी समजूत काढली नाही. साखर सोडली त्या वर्षभर रोज सकाळी माझा बिनसाखरेचा चहा वेगळा गाळून झाकून ठेवायचे, बस्स. मला त्याचाच जास्त राग यायचा. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं, कमल, सोड तो नियम. आता वाटतं, एवढ्या सकाळी उठून रोज वेगळा चहा गाळणं म्हणजे काय कमी होतं.

१७ ऑगस्ट

आज काहीतरी झालं!

यांचं पाइप-फिटिंगचं दुकान अक्काच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज एक चक्कर मारते. दुकान दिसतं, हे दिसत नाहीत, टेबलामागं रिकामी खुर्ची. आज मी उभी असतानाच शेजारच्या टपरीवाल्यानं चहाचा ग्लास टेबलावर ठेवला. तो ग्लास उचलला गेला. हवेत जरा थांबला, कलला. परत खाली आला तेव्हा निम्मा होता. मग पुन्हा वर. चहा बशीत ओतून न पिता सरळ पितात हे, ओठ भाजत. तसाच.

मी उन्हात उभी राहून अख्खा चहा बघितला.

१८ ऑगस्ट

अक्काचं डोकं चालतं. म्हणाली, "तू सोडलंस ते त्या दिवशी घरात होतं तेवढंच. त्यानंतर आलेलं कुठं सोडलंयस? टपरीचा ग्लास तुला दिसतोय तो त्यामुळंच." आणि लगेच खाली उतरून यांच्या दुकानात गेली.

दु. ४ वाजता जिन्यातून एक निळा शर्ट वर आला. बाहीला लेबल तसंच. आत कुणी नाही, पण शर्ट भरलेला. पोटावर बटण ताणलेलं. ते तेवढं ओळखीचं.

हे म्हणजे बनियनला भोकं पडली तरी "आत कोण बघतंय" म्हणणारे. यांच्या अंगावर नवा शर्ट बघायला मला घर सोडावं लागलं. शर्ट माझ्यासमोर खुर्चीत बसला. "जेवलात?" म्हटलं. अक्का म्हणाली, "मान हलवली." मग म्हणाली, "तुला विचारायल्यात, तू जेवलीस का."

२७ ऑगस्ट

बावड्याला. गवतात एक नवी कोरी लाल खुर्ची. निळा शर्ट तिच्यावर बसलेला. सुमन भिंतीवरून सांगत होती, "भायरच्या सोप्यात बसल्यात वैनी. रोज सांजचं तुमची वाट बघत बसत्यात."

मागच्या अंगाला गवताच्या वर एक बादली. म्हणजे तिथं मोरी. डावीकडं हवेत टांगलेली नवी कढई. म्हणजे तिथं ओटा, आणि खिळा होता तिथंच टांगलीय. दोरीवर टॉवेल. हे एकेक नवी वस्तू आणून घर मांडतायत माझ्यासाठी. घरात खिळा मारायचा म्हटलं तर चार दिवस विचार करणारा माणूस.

मी रस्त्यावर उभी राहून म्हटलं, "कढई उगाच आणली. जुनी चांगली होती." मग स्वतःचीच जीभ चावावी असं झालं. तोंडातून गोड म्हणून कधी पहिल्यांदा येणारच नाही का माझ्या.

५ सप्टेंबर

अक्काबरोबर पलीकडच्या गावी जाऊन आले. तिथं एक माताजी, आमच्या जैन साध्वी, चातुर्मासाला आहेत. दोन बस बदलल्या. दर्शन घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"मुदत किती बोललात?"

"बोलले नाही."

"कुणाकडून घेतलात?"

"माझा मीच."

मला वाटलं, काही प्रायश्चित्त देतील, उपवास सांगतील, मी महिनाभर करायला तयार होते. म्हणाल्या, "मी दिला असता तर मी सोडवला असता. हा नियम आहे की राग आहे ते आधी बघा. नियमाला मुदत लावता येते. रागाला कोण लावणार?"

परतीच्या बसमध्ये मी धुमसत होते. एवढं ऐकायला एवढ्या लांब! अक्का शेंगदाणे खात होती. म्हणाली, "बघ, परत चढला."

१९ सप्टेंबर

क्षमावाणी. पर्युषण संपलं की एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. मनात पक्कं होतं, आज सुटणार. नवी साडी नेसून बावड्याला गेले. शर्ट खुर्चीतच होता. हात जोडून म्हटलं, "मन, वचन, कायेनं काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा."

शर्ट उठला. कॉलर पुढं वाकली. सुमन म्हणाली, "अण्णा बी हात जोडून उभं हायत. म्हणायल्यात, माझंच चुकलं, तुला आधी सांगायला पायजे हुतं." आणि ती डोळे पुसायला लागली. तिचा आणि क्षमावाणीचा काय संबंध, पण रडली बिचारी.

मी गवताकडं बघत राहिले. आता भिंती येतील, आता पायरी येईल. शेवटी डास चावायला लागले तेव्हा निघाले.

अक्काला काही सांगितलं नाही. इथं लिहिते. क्षमा मागताना माझं लक्ष, ते आधी मागतात का, याच्याकडं होतं. आणि ते म्हणाले, माझंच चुकलं, तेव्हा आत कुठंतरी बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

२६ सप्टेंबर

नेत्रानं पुण्याचं रद्द केलं. बाळंतपण बावड्यालाच करणार, उद्याच येतेय. जावई सोडून जातील.

मला पाहिजे होतं ते सगळं झालं. माझी लेक माझ्या घरी बाळंतपणाला येणार आणि त्या घरात मीच नाही. हसावं का रडावं.

अक्काला विचारलं, "आधी पुण्याला का ठरवलं होतं तिनं? खरं सांग."

अक्का गव्हात हात घालून बसलेली. वर न बघता म्हणाली, "तिला भ्या वाटतंय, कमळे."

"बाळंतपणाचं?"

"बाळंतपणाचं न्हवं. तुझं."

६ ऑक्टोबर

आज नेत्राचं डोहाळजेवण, इथं अक्काच्या वरच्या खोलीत, म्हणजे मला येता यावं म्हणून. झोपाळा झेंडूच्या माळांनी सजवला होता. अक्कानं मुद्दाम नवी हिरवी साडी, नव्या बांगड्या आणलेल्या.

झोपाळ्यावर साडी बसली होती. डोकं नाही, हात नाहीत. मनगटाच्या जागी हिरव्या बांगड्या हवेत किणकिणत होत्या. आणि निऱ्यांच्या वर गोल. पोटाचा. तो मात्र अगदी स्पष्ट. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि बायका गाणी म्हणायच्या थांबल्या.

मी म्हटलं, "नेत्रा, पाय सुजत नाहीत ना? मीठ कमी खा."

सुमन आली होती. हळूच म्हणाली, "वैनी, जरा वर बघा. पोरीच्या खांद्याशी बोलायलासा." वर बघितलं. "आता लई वर झालं." मग मी खालीच बघितलं.

ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. ओटी घेणाऱ्या बाईनं त्यातले चार दाणे परत द्यायचे असतात, म्हणून मी सवयीनं ओंजळ पुढं केली. पदरातून तांदळाचे दाणे उठले, हवेतून आले आणि माझ्या तळहातावर पडले. चार नव्हे, चांगले मूठभर. पडतच होते. अक्का म्हणाली, "पुरे गं पोरी, ओटीत काहीतरी ठेव." 

ते तांदूळ पदराच्या टोकाला बांधून ठेवलेत.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचा रंग. यांनी सुमनच्या भिंतीकडची खोली रंगवून घेतली, बाळंतिणीसाठी. गवतात पिस्ता रंगाची खोली उभी आहे, पापुद्र्यासारखी. खिडकीच्या जागी चौकोनी भोक. रंग चांगला निवडलाय. आज तसं म्हटलं तोंडानं. सुमन म्हणाली, अण्णा हसले.

मला वाटतं हे हळूहळू सगळं घर नवं करतील. दार बदलतील, फरशी बदलतील. मग मला घर दिसेलही. पण हे कुठून नवे आणणार? नेत्रा कुठून नवी आणणार?

३ नोव्हेंबर

चार दिवस एकच विचार. पोटातलं बाळ त्या त्यागात धरलं गेलं का?

मी म्हटलं होतं, घरातल्या माणसांचा. घरात त्या दिवशी हे एकटेच होते. नेत्रा पुण्यात होती, तरी ती दिसत नाही. म्हणजे घरात कोण होतं याला अर्थ नाही, माझ्या मनात कोण होतं त्याला आहे. मग पोटातलं मनात नव्हतं असं कसं म्हणू? सगळं भांडण त्या बाळंतपणावरूनच तर.

अक्का म्हणाली, "जन्मलेलंच नव्हतं, त्याचा त्याग कसला?" तिचं सगळं सोपं असतं. मला जन्मभर एक रिकामं दुपटं हलताना बघायला लागलं तर?

१३ नोव्हेंबर

पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. अक्का दवाखान्यातून फोनवर ओरडून सांगत होती, जणू मी गगनबावड्याच्या घाटात बसलेय.

गेले नाही. अक्काला म्हटलं, सोहेर आहे, दहा दिवस होऊ देत.

देवापुढं दिवा लावला. पेढे आणून टपरीवाल्याला दिले. त्यानं विचारलं, "कुणासारखी हाय?" मी म्हटलं, "आईसारखी."

१७ नोव्हेंबर

अक्काचं आणि माझं भांडण.

ती म्हणाली, "सोहेर-बिहेर काही न्हवं. तू आता नातीचाबी त्याग केलास. ह्या वेळी बसदीत न जाता केलास एवढंच."

मी म्हटलं, "दिसली नाही तर काय करू?"

"दिसली न्हाई तर न्हाई. नेत्राला तू दिसतीस का न्हाई? ती दवाखान्यात दाराकडं बघत बसलेली. तुझं आपलं सारखं, मला दिसंल का, मला दिसंल का."

यावर मी ताट बाजूला सारणार होते. हात गेलाही होता. मग जेवले. सगळं जेवले, वर भात मागून घेतला.

२५ नोव्हेंबर

बारसं होतं बावड्याला. कारखाना सुरू झालाय, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, सगळीकडं मळीचा वास. रिक्षा लांबच सोडली आणि चालत गेले.

सुमननं तिच्या भिंतीला लावून स्टूल ठेवलं. समोर पिस्ता खोलीची खिडकी. आत नवा पाळणा टांगलेला, फुगे, नव्या साडीची मागची बाजू. आमंत्रणाच्या बायका दिसत होत्या, त्या दाराच्या जागेतून येत होत्या आणि मी भिंतीपलीकडं स्टुलावर. पाळण्यात पांढरं दुपटं. मी डोळेच मिटून घेतले.

आणि रडणं ऐकू आलं. आधी वाटलं मगदुमांकडचं असेल. मग आणखी जोरात, चिडून, घसा फोडून. डोळे उघडले. दुपट्यातून एक तांबडी मूठ बाहेर आली होती.

दिसली. सगळी दिसली. केस, नाक, तोंडाचा आ. पाळण्यातून वर उचलली गेली आणि हवेत तरंगत साडीच्या खांद्याला लागली. सुमन माझा हात दाबून विचारत होती, "दिसली का वैनी? दिसली का?" मी नुसती मान हलवली. श्रेया नाव ठेवलं.

परत येताना रिक्षात लक्षात आलं. दिसली म्हणजे त्या दिवशी ती माझ्या मनात नव्हती. देवासमोर उभी राहिले तेव्हा मनात डिंक होता, दुपटी होती, माझा मान होता, चारचौघींत काय तोंड दाखवू हे होतं. नेत्राचा आणि यांचा राग होता. ज्या पोरीच्या नावानं भांडले तिचा विचार एकदाही आला नव्हता. तिला विसरले म्हणून ती मला मिळाली. 

इतका आनंद आणि इतकी लाज एकदम वाटायची ही पहिलीच वेळ.

९ डिसेंबर

नेत्रानं माझ्या जुन्या साड्यांची दुपटी कपाटातून काढून वापरायला घेतलीत, सुमननं सांगितलं. ती मला दिसत नाहीत. श्रेया उघडीच झोपलेली दिसते. मी खिडकीतून ओरडत होते, पोरीला पांघरूण घाला म्हणून.

२२ डिसेंबर

सव्वा महिना झाला. पोरीला घेऊन दोघं अक्काकडं आले. निळा शर्ट आणि हिरवी साडी. शर्टाची कॉलर आता विरलीय, दुसरा घ्या म्हणून सांगायला पाहिजे.

श्रेया साडीच्या कोपरापाशी हवेत पडून होती. अक्कानं माझ्याकडं दिली. चांगली जड लागली. माझ्याकडं बघून तिनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. साहजिक आहे, मला कुठं ओळखते ती. परत दिली.

परत दिल्याबरोबर गप्प झाली. मान जरा तिरकी केली, वर बघितलं आणि हसली. दात नसलेलं, अख्ख्या तोंडानं. मला वाटलं पंख्याकडं बघतेय. पण नजर पंख्याकडं नव्हती, अलीकडं कुठंतरी. तिथं काही नव्हतं, मागं अक्काच्या कपाटाचं दार. ती मात्र डोळे हलवत नव्हती.

मग कळलं मला ती काय बघतेय.

तिच्या नजरेच्या नेमानं मीही बघितलं. कपाटाचं दारच दिसत होतं. तिथंच बघून म्हटलं, "नेत्रा, माझी भीती वाटायची का गं तुला?"

अक्का लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून आली होती, ती जागीच थांबली. म्हणाली, "आज बराबर तिच्या डोळ्यात बघून बोललीस."

मी नजर हलवली नाही. अक्का पुढं सांगायला लागली, "ती म्हणायलीय…" मी म्हटलं, "थांब अक्का. सांगू नको जरा." श्रेया अजून तिथंच बघत होती. हसली, मग कपाळाला आठ्या घातल्या, मग परत हसली. नेत्रा बरंच काही बोलत असणार. मी ऐकत बसले.

रविवारी परत येणार आहेत. शर्टाला म्हटलं, येताना पोरीला तुम्ही घ्या, म्हणजे तुमचंही तोंड सापडेल मला.